आवाज येतोय तोवर

हेरिन: छत दिसतंय, आई. नुसतं छत आणि दिव्याची वायर.

सुन्बोक: मग मी काय करू? मला तर तू दिसतेस. जिन्यात उभी आहेस आणि केस विस्कटलेत.

हेरिन: फोन टेबलावर आडवा ठेवलाय तुम्ही. उभा करा, किमचीच्या बरणीला टेकवा.

सुन्बोक: टेकवला होता. तुझ्या लेकीनं हात मारून पाडला. परत ठेवला तर परत पाडेल, आणि तिचे हात गाजरानं बरबटलेत. राहू दे तसाच. ऐकू येतंय ना?

हेरिन: येतंय. म्हणजे बोमनं गाजर हातात घेतलं?

सुन्बोक: घेतलं, चेपलं, खुर्चीला फासलं, मग कानात घालून पाहिलं. तोंड सोडून सगळीकडे लावून झालंय.

हेरिन: चालेल. करू दे तिला. तुम्ही फक्त समोर बसा. भरवायचं नाही, तोंडाशी न्यायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही.

सुन्बोक: सकाळपासून चौथ्यांदा सांगतेस. फ्रिजवर कागदही चिकटवून गेलीस. एवढी मोठाली अक्षरं, जशी काही मी आंधळीच.

हेरिन: पहिला दिवस आहे ना आज. आठ महिन्यांनी ऑफिसला आले, आणि सकाळपासून एक ओळ वाचली असेल तर शपथ.

सुन्बोक: मग जा, वाच. आम्ही दोघी बसतो एकमेकींचं तोंड बघत.

हेरिन: एकपर्यंत जेवणाची सुट्टी आहे. थांबते मी. समोर काय काय ठेवलंय?

सुन्बोक: तू ठेवलंयस तेच. दोन तुकडे गाजराचे, एक रताळ्याचा, आणि ती मांसाची चिंधी. बोटानं दाबून पाहिलं मी, मऊ आहेत. खुर्चीत ताठ बसवलीय. अजून काही?

हेरिन: तुम्ही जेवलात?

सुन्बोक: हिचं झाल्याशिवाय कशी जेवू? आज समुद्र चांगला आहे. सगळ्याजणी शिंपले काढायला बुडी मारायला गेल्या, सकाळी दारावरून हाका मारून गेल्या. सहासष्ट वर्षांची मी आणि इथे गाजराची राखण करत बसलेय.

हेरिन: मार्चपर्यंतच. मार्चमध्ये पाळणाघरात जागा मिळेल. तोवर तिनं आपल्या हातानं खायला शिकायला हवं. तिथे एकेका बाईकडे तीन तीन पोरं, प्रत्येकाला कोण भरवत बसणार?

सुन्बोक: सांगितलंस ते. शंभरदा सांगितलंस.

हेरिन: का कुरकुरतेय ती?

सुन्बोक: चमचा शोधतेय. आज चमचा नाही म्हटलं तर ऐकत... दात येत असतील.

हेरिन: काय शोधतेय?

सुन्बोक: दात गं. खालच्या हिरड्या सुजल्यात.

हेरिन: आई, माझ्या घरात तिच्यासाठी चमचाच नाही. मी विकत घेतलेलाच नाही. मग तिला चमचा कसा माहीत?

सुन्बोक: बघ, रताळं उचललं. आता टाकलं.

हेरिन: आई.

सुन्बोक: माझ्या चुलीवर काय शिजतं ते मी कधी तुला सांगायला आलेय का? आणि तुझ्या चुलीत मी कधी डोकावले का? तीन वर्षं झाली तुला या अंगणात येऊन.

हेरिन: म्हणजे तुम्ही तिला पेज घालत होतात.

सुन्बोक: चार घास. फार नाही.

हेरिन: केव्हापासून?

सुन्बोक: त्या पहिल्या गाजराच्या तिसऱ्या दिवसापासून.

हेरिन: सहा आठवडे झाले त्याला. रोज?

सुन्बोक: सकाळी दहाला. आणि चारला.

हेरिन: दहाला तुम्ही तिला उन्हात फिरवायला न्यायच्या.

सुन्बोक: अंगणातून माझ्या घरापर्यंत ऊन असतंच की.

हेरिन: आणि साडेअकराला मी तिला खुर्चीत बसवायची. पोट भरलेल्या पोरीला.

सुन्बोक: भरलेलं कसलं. वाटीभर पेज ती. शिंपले बारीक वाटून, तिळाच्या तेलात परतून, त्यात तांदूळ. मिटक्या मारत खायची.

हेरिन: मिटक्या मारत. आणि माझ्यासमोर तोंड मिटून बसायची. मी गाजर बदललं, ब्रोकोली आणली, टोफू केला, खुर्चीसुद्धा बदलली. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. माझी मुलगी मला बघून जेवत नाही असं वाटायचं मला. रोज तिच्यासमोर बसून रडायचे मी, आई.

सुन्बोक: माहीत आहे.

हेरिन: माहीत आहे?

सुन्बोक: अंगण केवढंसं आहे. खिडकी उघडी असते. ऐकू यायचं.

हेरिन: ऐकू यायचं आणि चारला तुम्ही परत पेज घालायच्या.

सुन्बोक: घालायची.

हेरिन: डॉक्टर म्हणाले, काही खात नाही तरी वजन छान वाढतंय, आईचं दूध अंगी लागतंय. मी तुमच्या थेहोला फोन करून सांगितलं, बघ माझं दूध कसं आहे. मोठ्या ऐटीत सांगितलं.

सुन्बोक: दूधही असेल त्यात.

हेरिन: हसू नका, आई.

सुन्बोक: हसत नाहीये. हसण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

हेरिन: लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली, त्या बेटावर सासूसून एका अंगणात राहतात पण चुली दोन, कुणी कुणाच्या भांड्यात बघत नाही, सुखी राहशील. मला किती बरं वाटलं होतं. आता वाटतं, एकदा तरी तुमच्या भांड्यात बघायला हवं होतं मी.

सुन्बोक: बघितलं असतंस तर पेज आवडली असती.

हेरिन: तुम्हाला माझं हे सगळं खूळ वाटतं. मला माहीत आहे.

सुन्बोक: वाटतं. माझी तीन पोरं पेजेवर वाढली. चमच्यानं भरवून वाढली. तुझा नवरा त्यातलाच ना? खातो ना नीट?

हेरिन: तुमचा मुलगा अजून कुणी वाढल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, आई.

सुन्बोक: ते जाऊ दे.

हेरिन: मला एवढंच सांगा. तुम्हाला पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं. भांडायचं माझ्याशी. लपून का केलंत?

सुन्बोक: पटण्याचं नव्हतं गं ते. त्या तिसऱ्या दिवशी तू मला बोलावलंस, बघा म्हणालीस, कशी हातानं खाते. बघायला आले. तिनं तुकडा तोंडात घातला आणि तिला ओकारी आली. तोंड लालबुंद झालं, डोळे पाण्यानं भरले. मी उठले तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, थांबा, हात लावू नका, तिचं ती काढते. आणि तू बसून राहिलीस.

हेरिन: काढलाही ना तिनं तुकडा?

सुन्बोक: काढला. पण माझा हात धरलास त्या वेळी.

हेरिन: मी रागानं नव्हता धरला.

सुन्बोक: तुला सुन्जाचं कुणी सांगितलंय का?

हेरिन: कोण सुन्जा?

सुन्बोक: म्हणजे थेहोनं नाही सांगितलं. बरं केलं. माझी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. मीच तिला बुडी मारायला शिकवलं. त्या दिवशी आम्ही दोघी जरा लांब गेलो होतो. दोघींचे धरून तरंगायचे भोपळे पाण्यावर शेजारी शेजारी. मी वर आले, शीळ घातली.

हेरिन: ती तुम्ही श्वास सोडता तशी?

सुन्बोक: तीच. दम सुटला की आपोआप येते ती शीळ. ती ऐकली की बाकीच्यांना कळतं, ही वर आली. मी सुन्जाच्या शिळेची वाट पाहत होते. आमच्यात खाली गेलेलीला कुणी ओढून आणत नाही. जिचा दम तिला माहीत. घाई केली तर दोघी जातात. तेही मीच शिकवलं होतं तिला. म्हणून भोपळ्याला छाती टेकून थांबले. दोन्ही हात मोकळे होते माझे, हेरिन. पाण्यात नुसते लोंबत होते.

हेरिन: आई...

सुन्बोक: वीतभर लाटही नव्हती त्या दिवशी. समुद्र अगदी शांत. मी म्हटलं, येईल. तिच्या दमानं येईल.

हेरिन: किती वेळ थांबलात?

सुन्बोक: तेव्हा मोजला नाही. तिची शीळ आलीच नाही. आता कुणीही खाली गेलं की मोजते. बोमनं तुकडा तोंडात घातला तेव्हाही मोजत होते. तू कागदावर लिहिलंस, नुसतं समोर बसायचं. मला ते वाचता येतं. करता येत नाही.

हेरिन: मला हे माहीत असतं तर मी तुम्हाला बसवलंच नसतं.

सुन्बोक: मग कुणाला बसवणार होतीस? तुझी आई समुद्रापलीकडे दैगूत. थेहो सहाला घरी येतो.

हेरिन: मी सुट्टी वाढवते. साहेबांशी बोलते.

सुन्बोक: काही बोलू नकोस. ती जागा तुला परत मिळायची नाही, आणि मग तू अंगणात बसून माझ्यावर धुसफुसशील. मी आज चमचा आणलाच नाही इकडे. तिकडे माझ्या घरी ठेवून, दाराला कडी घालून आलेय.

हेरिन: खरंच?

सुन्बोक: मग ती उगाच रडतेय का?

हेरिन: ऐका, एक सांगते. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. ठसका लागला, ओकारी आली, तोंड लाल झालं, तरी आवाज येतोय ना, खोकतेय ना, तोवर हात लावायचा नाही. बोट घातलं तर तुकडा उलट आत जातो. पण तोंड उघडं आहे आणि आवाजच येत नाही, असं झालं तर क्षणभर थांबायचं नाही. लगेच उचलायचं, हातावर पालथं घालायचं, डोकं खाली, आणि पाठीवर खांद्यांच्या मधे तळहातानं पाच धपके मारायचे.

सुन्बोक: हे लिहिलं नाहीस तू.

हेरिन: लिहिलंय. कागदाच्या मागे.

सुन्बोक: फ्रिजवर चिकटवलेला कागद उलटून कोण बघतं, बाई?

हेरिन: चुकलं माझं.

सुन्बोक: म्हणजे आवाज आहे तोवर बसायचं. आवाज गेला की उठायचं.

हेरिन: हो.

सुन्बोक: एवढंच आहे तर मग आधी सांगायचंस. बाकी सगळं ढीगभर लिहिलंस. लोह किती आणि मीठ किती.

हेरिन: ती गप्प का झाली?

सुन्बोक: रडणं थांबवलं. माझ्याकडे बघतेय. आज ही आजी नुसतीच बसलीय, हिच्या हातात काही नाही, हे कळलं बहुतेक. गाजर उचललं.

हेरिन: कुठल्या हातानं?

सुन्बोक: दोन्ही. आता तोंडाशी नेलं. चोखतेय. हेरिन, चावतेय ही. दात नसताना चावतेय.

हेरिन: हिरड्यांनी चावतात. सुरुवात अशीच असते. तुम्ही हसा तिच्याकडे बघून.

सुन्बोक: तुटला. मोठा तुकडा तुटला तोंडात.

हेरिन: बसा. बसून राहा.

सुन्बोक: बसलेय. हात मांडीखाली घातलेत. ओकारी आली तिला. ऐकलंस?

हेरिन: ऐकलं. आवाज येतोय. आवाज येतोय, आई.

सुन्बोक: तोंड लाल झालं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे बघतेय गं ती. मी का उठत नाही म्हणून बघतेय.

हेरिन: खोकतेय. मला ऐकू येतंय. खोकू दे.

सुन्बोक: येतोय आवाज. येतोय. येतो...

हेरिन: आई? मला आता काही ऐकू येत नाहीये. खोकणं थांबलं का? आई, बोला. ती दिसतेय ना तुम्हाला? मला इथून छतच दिसतंय. आई, उचला तिला. उचला, पालथी करा. आई, काहीतरी बोला हो. मी इथे काय करू?

(फोनमधून एक लांब, बारीक शीळ ऐकू येते.)

हेरिन: आई? ती शीळ...

सुन्बोक: माझी. मी दम धरून बसले होते. कळलंच नाही.

हेरिन: आणि बोम?

सुन्बोक: काढला तुकडा. जिभेनं ढकलला बाहेर. हनुवटीवर आहे. ठीक आहे ती. तिला माझ्या शिळेचं हसू येतंय.

हेरिन: हो, हो. आता ऐकू येतंय. हसतेय.

सुन्बोक: तू रडू नकोस. जिन्यात लोक येत-जात असतील.

हेरिन: नाही रडत. तुम्ही जेवून घ्या आता.

सुन्बोक: घेते. हिचं झालं की उठते.

हेरिन: एक वाजला, आई. वरून हाक मारतायत मला. जावं लागेल. आजच्यापुरतं पुरे. उचला तिला खुर्चीतून, हात पुसा.

सुन्बोक: उचलू कशी? तिनं तोच तुकडा हनुवटीवरून काढून परत तोंडात घातलाय.

हेरिन: तोच?

सुन्बोक: तोच. फोन ठेवू नकोस, हेरिन. खिशात टाक आणि तुझं काम कर. मी काही बोलणार नाही. नुसता चालू राहू दे.