परमुलखातल्या पोरांची आपा

सगळ्यांना जयभीम.

इथं विहारात जमलेल्या माझ्या दिंद्रुडच्या मंडळींनो, आयाबहिणींनो, गुरुजी, आन हैदराबादहून इतक्या लांबून आलेले आक्काच्या संस्थेतले साहेब, बाई. मला बोलता येत न्हाई. मी मोटारी भरणारा माणूस. हिरीतली मोटार जळाली की तुमी माझ्याकडं आणता, मी तिच्यात नवी तार भरून देतो, एवढंच मला येतं. आज बोलायचं म्हणून सकाळपासून तीनदा कागदावर लिहिलं आन तीनदा फाडलं. शेवटी मंगल, माझी बायको, म्हणली, "लिहू नका. जे झालं ते सांगा." म्हणून जे झालं ते सांगतो. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या.

सुमनआक्का, माझी थोरली बहीण. तिला जाऊन आज सात दिवस झाले.

तुमच्यातल्या पुष्कळांना आक्का म्हंजी हैदराबादला काहीतरी मोठं काम करणारी बाई, एवढंच माहीत. काय काम करायची ती? सोपं करून सांगतो. परक्या मुलखात मारामाऱ्या झाल्या, गावं पेटली, म्हणून जी माणसं अंगावरच्या कपड्यानिशी पळून आपल्या देशात आली, त्यांना निर्वासित म्हणतात. आक्का त्यांच्या जवान पोरापोरींचं बघायची. त्यांना शाळाकॉलेजात घालायचं, हुन्नर शिकवायचा, कामाला लावायचं. वीस वर्षं हेच केलं तिनं. सुरुवातीला वस्तीवस्तीत पायी फिरणारी कार्यकर्ती होती. पुढं त्या सगळ्या कामाची प्रमुख झाली.

ती ह्या कामात कशी पडली? मला विचाराल तर ते इथूनच सुरू झालं.

आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे. आक्का दहा वर्षांची, मी पाच. एका साली ती कारखान्याजवळच्या गावातल्या शाळेत आपली आपण गेली. मास्तर म्हणले, दाखला आण. दाखला तर हितं दिंद्रुडच्या शाळेत. मास्तर वाईट नव्हते. म्हणले, बस मागं, पण हजेरीत नाव घालता येणार न्हाई. ती चार महिने बसली. रोज सगळ्यांची नावं यायची, हिचं न्हाई. संध्याकाळी कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीवर, आली की मला म्हणायची, "पक्या, तू माझं नाव घे." मी म्हणायचो, "सुमन." ती ताठ उभी राहून म्हणायची, "हजर!" मला तो खेळ वाटायचा.

पुढच्या साली माजलगावच्या आत्यानं तिला ठेवून घेतलं. तिथं ती शिकली, पुढं संभाजीनगरला समाजकार्य शिकली आन तिथून हैदराबाद. मी हितंच राहिलो. मोटारी शिकलो, दुकान टाकलं.

आता जे सांगतो ते आक्का असती तर तिनं सांगू दिलं असतं का न्हाई, ठाऊक न्हाई. पण सांगतो. मी तिच्याशी भांडलो होतो. चांगलाच भांडलो होतो.

दिवाळी सरली होती. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक भरायला लागले होते. आमच्या दारासमोरच एक ट्रक उभा. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं, सगळं वर चढत होतं. आक्का सुटीला आलती. ओट्यावर बसून ती तिकडंच बघत होती. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणलो, "बघती का? ह्यातल्या चार पोरी माझ्या डोळ्यांदेखत शाळेतून सुटल्या. तू बीडची, ह्याच ट्रकात बसून गेलेली. आन तू परमुलखातल्या पोरांना शिकवती. कशापायी? आपली पोरं मेली का?"

मेली का म्हणलो मी. असं बोललो.

ट्रक हालला, धुरळा बसला, मग आक्का म्हणली, "तू एकदा ये तिकडं. तुझं काम शिकव त्यांना. मग भांड."

मी दोन वर्षं गेलो न्हाई. अकड होती, दुसरं काय. तिसऱ्या साली पाऊस चांगला लागला, हिरीवर मोटारी लावायची गरजच न्हाई, मग जळणार कुठून? दुकानात काम न्हाई. म्हणलं, बघून तर येऊ. पंधरा दिवसांसाठी गेलतो, तीन महिने राहिलो.

भंगाराच्या गोदामावर दोन खोल्या, तेच सेंटर. बारा जण बसले होते, सगळे ब्रह्मदेशातून पळून आलेल्या घरांतले. मी घाबरलो होतो, ह्यांच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत? पण ती पोरं हैदराबादेत राहून दखनी बोलायला शिकलेली. आन आपण निजामाच्या मुलखातली माणसं. अर्ध्या तासात गप्पा सुरू. त्यांनी आक्काला आपा, म्हंजी थोरली बहीण, केलं होतं, मला मामू केलं.

त्यात तीन पोरी होत्या. मी आक्काला कोपऱ्यात घेऊन म्हणलो, "हे मोटारीचं काम. पोरींना दुसरं काहीतरी दे." तिनं कोपऱ्यातलं बोलणं कोपऱ्यात ठेवलं न्हाई. सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "पक्या, तुझ्या दुकानातल्या कॉइली कोण करतं?"

मी म्हणलो, "मंगल."

"मग मास्तर तू कसा रं?"

सगळे हसले. मी बी हसलो, काय करणार? खरंच हाय ते. जड मोटार मी खोलतो, पण तांब्याच्या तारेचे वेढे मोजून कॉइल करणं हे मंगलचंच काम. अठरा वर्षं करती ती. चौथ्या दिवशी आक्कानं मंगलला बोलावून घेतलं. जी बाई एकटी कधी परळीच्या पुढं गेली न्हाई, ती एसटीनं हैदराबादला आली. ती बघा, तिथं बसलीय. आक्का तिची ओळख करून द्यायची तेव्हा म्हणायची, "ह्या आमच्या मॅडम." मंगल पदर तोंडाला लावायची. पण दुसऱ्या आठवड्यापासून एका एका पोरीचा हात धरून शिकवायला लागली.

त्या तिघींत एक रहिमा होती. एकोणीस वर्षांची. अकरा वर्षांची असताना आईचा हात धरून नदी ओलांडून आलेली. बाप वाटेतच गेला. पोरगी कमी बोलायची, पण हात असा की एक वेढा इकडचा तिकडं न्हाई. आक्काच्या मदतीनं दहावी झाली होती. आता बारावीला बाहेरून बसायचं होतं. आक्का तिला म्हणली होती, "हो जाएगा, मैं देखती."

फॉर्म परत आला. त्यावर सरकारी ओळखपत्राचा एक नंबर मागत होते, तो ह्या लोकांपाशी नसतो. बस, एवढंच.

आक्का फोन करू शकली असती. कुणाला पाठवू शकली असती. हाताखाली माणसं होती तिच्या. पण दुपारी मला म्हणली, "चल माझ्यासंगं." चालत वस्तीत गेलो. ताडपत्रीची खोली. रहिमा तांदूळ निवडत होती. आक्का तिच्यासमोर खाली बसली आन म्हणली, "रहिमा, फारम वापस आया. गलती मेरी है. मैंने बिना पूछे 'हो जाएगा' बोल दिया."

रहिमा तांदूळ निवडत राहिली. मग म्हणली, "अगले साल, आपा?"

"अगले साल का आज नहीं बोल सकती. कोशिश करूंगी, इतना बोलती."

येताना मी चिडलो. म्हणलो, "पोरीला धीर तरी द्यायचा. होईल म्हणायला काय गेलं असतं तुझं?" आक्का रस्त्यातच थांबली. डोळे भरले होते तिचे. म्हणली, "पक्या, ह्या लोकांना जो भेटतो तो होईलच म्हणतो. मी बी तेच म्हणाले. पोरीनं माझ्या शब्दावर वर्षभर अभ्यास केला रं."

त्यानंतर ती कुठंकुठं गेली, किती दारं झिजवली, ते ह्या संस्थेतल्या बाई सांगतील, त्या संगं होत्या. मला एवढं माहीत हाय की पुढच्या साली फॉर्म घेतला गेला. रहिमानं परीक्षा दिली. पास झाली. आज ती तिथल्या एका मोटारीच्या दुकानात काम करती. तो दुकानदार आधी भ्यायचा, ह्यांना कामावर घेतलं तर काही लफडं होईल का म्हणून. आक्का रोज त्याच्या दुकानात जाऊन चहा प्यायची. महिनाभर नुसता चहा. शेवटी तोच म्हणला, "भेज दो बाई, देखता मैं."

आता भांडणाचं सांगतो. तिथून निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर मी परत विचारलं. ह्या वेळी नीट विचारलं. "आक्के, आपल्या लोकांचं काय?"

ती म्हणली, "आपल्या लोकांना सहा महिन्यांनी का होईना, दिंद्रुडला परत येता येतं. घर पडकं असंल, पण गाव हाय. ह्यांना कुठं जायचं? मी लहानपणी चार महिने बिनानावाची बसले. हे जन्मभर तसेच बसलेत."

मंडळी, मला ते अर्धं पटलं. खोटं कशाला बोलू? अर्धंच पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा आक्का हजेरी घेत होती. प्रमुख बाई, पण हजेरी सोताच घ्यायची, एक नाव चुकू द्यायची न्हाई. मी जिन्यात उभा राहून ऐकली. मग एसटी स्टँडला गेलो.

पुढं तिचं दुखणं निघालं. शेवटचे आठ महिने ती आमच्या घरी होती. तुमी सगळे येऊन गेलात, भाकरी-कालवण घेऊन आलात, तिला लई बरं वाटायचं. अंगात ताकद न्हाई, पण सकाळी फोन लावून सेंटरवर कोण आलं, कोण न्हाई, विचारायचीच.

एका दुपारी मी तिला पाणी देत होतो. ती म्हणली, "पक्या, आपल्या पोरांचं राहिलं रं. तू भांडत होतास त्यात काही खोटं नव्हतं. माझ्यानं दोन्ही झालं न्हाई."

मी म्हणायला पाहिजे होतं, आक्के, तू केलंस ते लई हाय. पण म्हणता आलं न्हाई. गिलास घेऊन आत गेलो आन चुलीपाशी उभा राहून रडलो. पण तिनं तुमच्याकडं पाठ फिरवली होती असं कुणाच्या मनात असंल, तर काढून टाका. तिला ठाऊक होतं. ती ते मनात घेऊनच गेली.

मंगलनं ते आतून ऐकलं होतं. ती म्हणली, "आपण करू की." जास्त काही न्हाई. टोळीवर जाऊन शाळा सुटलेल्या दोन पोरी परवापासून आमच्या दुकानात कॉइल शिकायला येतात. दुपारी काम, मग गुरुजी त्यांचा दहावीचा अभ्यास घेणार हायत. गुरुजी, मी सगळ्यांसमोर बोललोय, आता तुमाला मागं हटता येणार न्हाई.

आता शेवटचं सांगतो.

आक्का गेली त्या सकाळी मी रहिमाला फोन केला. ती आज हितं न्हाई. शहराबाहेर निघायचं म्हणलं तर त्यांना परवानगी लागती, ती सात दिवसांत मिळाली न्हाई. फोनवर मी सांगितलं. ती रडली. मी बी रडलो. तिनं फोन ठेवला.

दुपारी तिचाच फोन आला. म्हणली, "मामू, हम लोगां सब बैठ के रोए. फिर क्लास लगाए. हाजिरी मैं ली. आपा बोल के रखे थे, मेरे वास्ते एक दिन बी सेंटर बंद नक्को करो." मग लहान पोरीसारखं विचारलं, "मामू, ठीक किए ना हम?"

मी म्हणलो, "ठीक किए, बेटा."

एवढंच सांगायचं होतं.

आता आपण सगळे उभं राहू. दोन मिनिटं आक्कासाठी गप राहू. ज्या बायांच्या कडेवर लेकरं हायत त्यांनी बाहेर जायची गरज न्हाई. बाहेर पोरं खेळतायत, त्यांना कुणी दटावू नका, खेळू द्या. लेकरांच्या गलक्याचा आक्काला कधी त्रास झाला न्हाई.

आक्के, जयभीम.