पोरीचा रेडिओ

नगरच्या छंद-प्रदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे शेतकरी होते, हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर बसलेले. दारावरच्या मास्तरांनी त्यांना थांबवलं.

“बाबा, आत फार गर्दी आहे. गाडी जायची नाही.”

“माज्या पोरीनं रेडिओ बनवलाय, मास्तर.”

“मुक्ताचे वडील का? तिच्याच टेबलापाशी सगळे जमलेत. थांबा, रेडिओ इथंच आणून दाखवतो.”

“नगं. रेडिओ आमी घरी रोज ऐकतो.”

“मग आत काय बघायचंय?”

“तिच्याभवतीची गर्दी बघायची हाय. पारनेरात लोक म्हनायचे, पोरीला ह्यातलं काय कळतंय.”

मास्तरांनी दुसरं दारही उघडलं.

“जरा वाट द्या. मुक्ताचे वडील आत येतायत.”

“वाट द्या,” म्हातारे चाक फिरवत म्हणाले, “पन जाऊ नगा कुनी.”