मधला देव

हसान तुमी, पण मले सापापेक्षा एका देवाचंच जास्त भेव वाटते, अन् त्या देवाचं नावच मले माहीत नाही.

महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. आमच्या मालकाले कापसाच्या पराटीत साप चावला. बंडीत टाकून दवाखान्यात नेलं, अन् मी उशाशी बसून एका दमात सात देवांची नावं घेतली. एकेकाले एकेक नारळ बोलली. मालक वाचले.

नवस फेडाले निघाली तं माहूरच्या देवीपासून पहिले तीन आठवले, वेशीवरच्या मारोतीपर्यंत शेवटचे तीन आठवले. चौथा काही केल्या आठवे ना. नवस बोलली तवा जाऊबाई शेजारीच होत्या. त्याईले इचारलं, तं त्याईनं बी तेच सहा सांगतले.

सासूबाई म्हणाल्या, "ज्याले बोलावलं अन् उपाशी ठेवलं, तो दारातून हालत नाही, पोरी."

आठ दिवसांनी चुलीमागून साप निघाला. लोकांनी मारला, पण मी नारळ हातात घेऊन उभीच. फोडू कोणापुढं?

मालकाले म्हटलं, "एका नारळासाठी देव कायले रुसन? तो बी विसरला असन."

मालक सात भावंडांतले चौथे. लहानपणी माय जेवाले हाका मारे, तं यांचंच नाव राहून जाय. ते चुलीकडं पाहत हळूच म्हणाले, "मधल्याले सारे विसरतात. मधला कोणाले विसरत नाही."