पाडव्यापासून मोजलेले एकवीस दिवस

मी सौ. संगीता जगदेव नवघरे, वय ४७ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण दहावी पास, रा. रिसोड, जि. वाशिम. दि. २२/०४/२०२५ रोजी पोलीस स्टेशनला स्वतःहून हजर होऊन जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती व मुलीसह राहते. मुलगी संस्कृती, वय २४, पाच वर्षे कॉलेज करून आर्किटेक्ट झाली. यंदा दारावर पाटी लावली. रिठद येथील माझ्या चुलत सासू प्रयागबाई यांचे घर हे तिचे पहिले काम. ते माझ्या शब्दावर मिळाले. ती मला म्हणाली होती, "आई, कॉलेजात चुकलं तं सर लाल पेनानं गोल करत, मी दुसरी शीट काढो. इथं दुसरी शीट नाही." साइटची वही तिने माझ्याकडे दिली. मला रोजचे लिहायची सवय आहे. नवी वही मी घेऊ दिली नाही, जुनीची पाने शिल्लक होती.

दि. ३०/०३ रोजी पाडवा होता. मिक्सर आला नव्हता. मुहूर्त टळू नये म्हणून मी काँक्रीटचा एक घमेले माल स्लॅबच्या कोपऱ्यात टाकायला लावला. नारळ मजूर देवमन याने फोडला. वहीत मी 'स्लॅब' असे लिहिले. खरा स्लॅब दि. ०८/०४ रोजी, एकादशीला भरला. त्या पानावर फक्त 'मिक्सर आला' असे आहे. स्लॅब आधीच लिहिलेला होता.

दि. २०/०४ रोजी संस्कृती मैत्रिणीच्या लग्नासाठी जऊळक्याहून रेल्वेने अकोल्याला गेली होती. सकाळी १०.१५ वा. स्लॅबखाली प्लेटा व टेकू लावणारे सेंट्रिंगवाले मोहनसिंग यांचा मला फोन आला. "काकू, ताईचा फोन लागून नाही राह्यला. ताईनं एकवीस दिवस टेकू काढू नका म्हटलं होतं. माह्या प्लेटा चार ठिकाणी हायेत, कोणता स्लॅब कधीचा मले याद नाही. हा देवमन म्हणते, दिवस व्हायचेच हायेत."

मी वही पाहिली. म्हणाले, "काल भरले एकवीस. देवमनले म्हणा, लिहेल हाये."

११.४० वा. मधले टेकू काढताच स्लॅब खाली आला. देवमन खाली होता. दवाखान्यात तो मयत असल्याचे सांगण्यात आले.

टेकू काढायला तिनेच सांगितले, असा जबाब संस्कृतीने काल दिला. तो खरा नाही. सांगणारी मी. ती अकोल्याहून घरी आली तेव्हा मी तिला वही दाखवली. तिने बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले, व म्हणाली, "आई, हे वही कोणाले दाखवू नको." वही सोबत आणली आहे, ती जमा करते. पाटी अजून दारावर आहे.

साहेबांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'अनवधानाने' असा शब्द होता, तो मी खोडायला लावला. मी वही उघडून, दोनदा मोजून सांगितले होते. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खोडलेल्या जागीही माझी सही आहे.