दोन्ही बाह्या

हॅलो?

हॅलो… हो, बोल. अरे येतंय ऐकू, तू बोल ना… थांब, थांब. ती हवेच्या गादीची मोटर घुरघुरतेय. खिडकीशी येते. हं, आता बोल.

आहे. तशीच आहे… नाही, कालपासून पाणीसुद्धा नाही. बोळ्यानं नुसते ओठ ओले करतेय. झोप म्हण, ग्लानी म्हण…

कुठली गाडी?

अरे, कुठली गाडी पाठवलीस? … अँब्युलन्स? इथे, या शुश्रूषागृहात? मावशीला न्यायला?

मला न विचारता? … हो, मोठं हॉस्पिटल आहे, माहितीय मला… हो, मित्राची ओळख आहे… असतील रे, असतील चांगले डॉक्टर. अरे पण ऐक ना… ऐक तर! तिकडे बसून उंटावरून शेळ्या नको हाकूस. उशाशी मी बसलेय.

मी नाही ओरडत.

बरं, ओरडले. पलीकडच्या खाटेवरच्या आजी जाग्या झाल्या बघ… काही नाही आजी, भाऊ आहे माझा. झोपा तुम्ही… नाही हो, बस नाही आली अजून. आली की उठवते… हं, बोल. रोज विचारतात बिचाऱ्या. कुठे जायचंय तेवढं मात्र सांगत नाहीत.

तडफडतेय असं कोण म्हणालं तुला?

काल व्हिडिओवर पाहिलंस? त्या आयाबाईंनी फोन धरला होता तेव्हा? … हां. हातांचं म्हणतोयस. चादर ओढते, हवेत काहीतरी पकडते… अरे, आम्हालाही तसंच वाटलं आधी. सिस्टर म्हणाल्या, जिवाची घालमेल होतेय, झोपेचं औषध वाढवून घेऊ. डॉक्टरीणबाईंना निरोपसुद्धा गेला. आणि मग मावशीनं दोन बोटं ओठांशी नेली. ओठ दाबले. नंतर हात वर धरला आणि डोळे बारीक केले… अरे, मिटलेलेच डोळे, पण बारीक केले. नाही कळलं?

दोरा ओवत होती रे.

हो. शिवतेय ती. चादरीची कड दुमडते, चिमटीत धरते, तुरपाई घालते. मग उजवा हात हा असा लांब नेते, दोरा ओढायला. जन्मभर अख्ख्या शाळेचे गणवेश शिवले त्या हातांनी, ते काय असे गप्प पडून राहणारेत? … नाही, दुखत नाहीये. दुखणं थांबवायची पट्टी लावलीय दंडावर, आज नवी लावली. कपाळावर एक आठी नाही. दुखताना ती कशी दिसते ते मला चांगलं माहितीय. ऑपरेशननंतर मीच होते ना तिच्याजवळ.

ऐक पुढे. मग मी घरी जाऊन कोट घेऊन आले.

तुझा… तुझाच रे, करडा. तुझ्या पहिल्या नोकरीला म्हणून कापलेला… छे, टाकून कशाला देईल? कपाटात टांगलेला होता, अजून कच्च्या दोऱ्यावर. तिची रीत माहितीय ना तुला? गिऱ्हाइकानं अंगावर घालून दाखवल्याशिवाय पक्की शिलाई नाही आणि शेवटचं बटण नाही. आणि तू नुसतं ‘येतो मावशी, येतो मावशी’ करत भिजत घोंगडं ठेवलंस… नाही, टोमणा नाही मारत.

बरं, मारला. सोड.

तर तो तिच्या हातात दिला. बाहीची कड बोटांना लागली मात्र… अरे, असा श्वास सोडलान्! तेव्हापासून चादर सोडली. आत्तासुद्धा बाहीच चालू आहे. सुई नाही, दोरा नाही, पण काम चोख.

… हो ना.

म्हणून म्हणते, तिकडे नेऊन काय करणार आहेत? … नळी. मग आणखी एक नळी. आणि ती ओढू नये म्हणून हात बांधतील तिचे… बांधतात रे. तिचे हात बांधलेले बघवतील तुला?

डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. माझ्याशेजारी खुर्ची ओढून नीट बसल्या. म्हणाल्या, यकृत पार थकलंय, आता बरं करणं कुणाच्याच हातात नाही. शांत ठेवणं हातात आहे, ते करू… नाही, हरले नाही मी. हे हरणं नाही.

एक सांग. ऑपरेशननंतर ती काय म्हणाली होती? तू फोनवर होतास तेव्हा… आठवत नाही कसं? सांग ना. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

… हो. ‘आता मला परत उसवायचं नाही.’ हेच म्हणाली. आणि तू काय म्हणालास? … ‘हो मावशी.’ मीही तेच म्हणाले. शब्द दिलाय आपण दोघांनी. आई गेल्यावर तिनं आपल्याला दिलेला एक तरी शब्द मोडला का?

अरे…

बटण्या? रडतोयस?

रड. रड बाबा… मी काय दगड आहे? मघाशी नळ सोडून रडून घेतलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मलाही वाटतं रे, न्यावं उचलून, करावं काहीतरी. नुसतं बसून राहणं फार कठीण आहे. पण आता करण्यासारखं एवढंच उरलंय, बसायचं.

हसलास? … हो, बटण्याच म्हणणार. तिनं ठेवलेलं नाव आहे. गणवेशाचं बटण गिळलंस, तर ते बाहेर पडेपर्यंत तुझ्यामागे भांडं घेऊन फिरत होती. आणि सापडल्यावर धुऊन परत त्याच सदऱ्याला लावलंन्! … खरंच. सदरा ज्याचा, त्या पोराच्या आईला कधी कळलं नाही.

हं? … एक मिनिट हं, दारात वॉचमन आलेत.

कोण आलंय म्हणालात? …

बघ, आली तुझी गाडी. फाटकात उभी आहे. स्ट्रेचर आणू का विचारतायत.

नाही. मी नाही सांगणार. तू बोलावलीस, तू सांग… माझ्यावर ढकलू नकोस. मग जन्मभर मनात ठेवशील, ताईनं नेऊ दिलं नाही, नाहीतर वाचली असती. मला ते नकोय. तूच ठरव, मी फोन धरून उभी आहे.

…

मोठ्यानं बोल, ऐकू नाही आलं.

… परत पाठव? नक्की?

वॉचमनदादा, त्यांना म्हणावं, न्यायचं नाहीये. … नाही नाही, चुकून नव्हती बोलावली. काळजीनं बोलावली होती, तसं सांगा. आणि पाणी विचारा त्यांना.

… गेले. बरं केलंस. फार बरं केलंस रे.

उद्या पोचशील? … ये. मिळेल त्या गाडीनं ये…

थांब जरा.

थांब… नाही, श्वास. मध्येच थांबतोय तिचा. मग परत येतोय… सिस्टर! सिस्टर, जरा येता का? … आल्या. नाडी बघतायत.

… म्हणतायत, कुणाला बोलायचं असेल तर आत्ता बोला. ऐकू येत असतं.

अरे, घाबरू नकोस. स्पीकरवर टाकते, उशीवरच ठेवते फोन. मावशी, बटण्या बोलतोय बघ… बोल.

बोल ना.

‘काय बोलू’ काय? … आभार? आभार कसले मानतोस! म्हणेल, हा कोण परका आलाय. … माप सांग तिला.

माप रे, तुझं. कोटाचं… थट्टा नाही करत. सारखी विचारायची, ‘बटण्या जाड झाला का गं? शिवणीत कापड ठेवलंय मी, सोडता येईल.’ सांग तिला. … टेप कशाला हवा? चार्जरची वायर घे, नि ती वितीनं मोज. दिवे गेले की ती आपल्याला वितीनंच मोजायची की नाही? … जिन्यात आहेस? मग असू दे. बघेनात का लोक.

छाती आधी… पाच वीत? मावशी, पाच वीत झालाय बघ!

कंबर. … पोट आत नको ओढूस. तिला कळतं… आता खरं सांग. … साडेचार. हं. सोडावं लागणार कापड.

अरे, बोटं हलली तिची. बाहीच चाचपतेय… होय, तुझ्या आवाजानंच. बाही सांग आता, बाही. उजवी. खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत. सावकाश.

… तीन वीत, एक बोट कमी.

ऐकलंस मावशी? तीन वीत, एक बोट कमी.

…

मावशी?

…

सिस्टर…

…

हं? … नाही, काही नाही. आहे मी. तू थांबू नकोस. डावी राहिली… डावीही लागते रे. विसरलास? कुणाचेच दोन हात सारखे नसतात म्हणायची. दोन्ही बाह्या मोजल्याशिवाय कात्री नाही लावायची. मोज… नीट मोज. मला घाई नाही.

सिस्टर, एक मिनिट थांबा हं. ती मोटर बंद केलीत तर चालेल. बाकी राहू द्या. त्याचं मोजून होऊ दे.

… हं, सांग. तीन वीत. पूर्ण? … बघ, बोटभर लांब आहे. म्हणायचीच ती. राहील माझ्या लक्षात.

… हात थांबलेत तिचे. बाही तशीच आहे हातात.

… हो, मोटर बंद केली. म्हणून शांत वाटतंय.

ऐक ना. उद्या आलास की आधी कोट घालून दाखव. शेवटचं बटण मी लावेन.

… मी म्हणजे मीच.

… हो रे.

हो. आत्ताच… नाही, काही त्रास नाही झाला. एक श्वास आला आणि पुढचा आलाच नाही.

ऐकलं तर! माझ्या राजा, ऐकलं तिनं. उजवी तिनं ऐकली. डावी मी.

… ठेव आता. गाडी बघ. ठेव, बटण्या.