ताटाजवळची उभारी

माहं माहेर हिवरा आश्रमाच्या अंगचं, मेहकर तालुक्यातलं लहानसं खेडं. आमच्या घरी काय होतं तं ज्वारी होती. कणगीत ज्वारी, पोत्यात ज्वारी, ढोरायच्या पुढं कडबा, आन सकाळी भाकर, दुपारी भाकर, रातच्यालेही भाकर, सोबत अंबाडीची भाजी नाही तं बेसनाचं चून. पोळी म्हंजे पोळ्याले आन दिवाळीले. बाप माहा गाडीचं चाक एकट्यानं उचले आन मी त्याच्यावरच गेली. काय सांगू तुम्हाले ताई, मी लहानपणापासूनच तापट, शाळेत एका पोरीनं वेणी ओढली तं तिची पाटी मी तिच्याच डोक्यात फोडली होती. माय म्हणे, या पोरीचं सासरी कसं होईन वं. तं कसं झालं ते ऐका.

दुसरबीडच्या बाजूले देल्ली मले. आमचे घरवाले, मी त्याले मालक म्हणतो, मान म्हणून नाही, जिभेले सवय पडली म्हणून, तं मालकाचा हात पहिल्यापासूनच सैल. मीठ जास्त झालं, झापड. पाणी द्याले उशीर झाला, झापड. मीही काही गोगलगाय नव्हती, उलटून बोलो, मंग आणखी मार. एकदा कान फुटला, अजूनही या डाव्या कानानं कमी ऐकू येते, तुम्ही या बाजूनं बसा. सासू बाजेवर बसून म्हणे, तुही जीभच लांब हाय, माह्या पोराचा काय दोष.

मंग ते कपाशीचं बीटी बियाणं आलं. पहिल्या सालाले पऱ्हाटीले अशी बोंडं लागली का लोक येडेच झाले. वावरात पऱ्हाटी, धुऱ्यावर पऱ्हाटी, पार अंगणालोक पऱ्हाटी. ज्वारी कोन पेरते, पाखरं खातात, सोंगाले मजूर भेटत नाही, भाव नाही. आमच्या गावातून ज्वारी अशी गेली का लेकरायले कणीस कसं असते हेही माहीत नाही. मालकानं फटफटी घेतली. घरी दोन्ही टाईम पोळी, भात, वरतून सरकीच्या तेलाचा तवंग, आन चहा असा गोड का चमचा उभा राहावा. वावर इथून दिसते ताई, त्या चिंचेच्या पलीकडं, तं तथी जायालेही फटफटी. माणूस फुगला. पोट पुढं आन मालक मांगं, असा चाले. आन भाकर म्हटली का त्याले शिवी देल्ल्यासारखी लागे. म्हणे, भाकर खायाले मी भिकारी हाव का, पावण्यानं पाह्यलं तं काय म्हणन. पुढं बोंडअळी आली, पऱ्हाटी पहिल्यासारखी राह्यली नाही, पण पोळी तोंडाले लागली ते लागलीच. पऱ्हाटी बिघडली का त्याचा हात आणखी चाले, म्हंजे अळी पऱ्हाटीले लागे आन मार मले पडे.

सासूले शुगर होती, ते कोनाले समजलं नाही. पायाले काटा टोचला, जखम काळी पडली, आन सरकारी दवाखान्यात गुडघ्याच्या खालून पाय कापला. तथून पुढं तिले उचलणारी मी. हागाले मुताले, आंघोळीले, उन्हात बसवाले, पाठीवर घ्याची आन न्याची. बाई अंगानं जड. माही कंबर तवा गेली ते अजून बरोबर नाही. एक दिवस तिले पाठीवर घेऊन अंगणातून आणून राह्यली होती, तं मालक वावरातून तापून आला, का तं चहा तयार नव्हता, आन त्यानं मले मांगून न पाहता लाथ घातली. आम्ही दोघी पडलो. मी खाली, सासू वर. तिचा खुंटा झालेला पाय फरशीवर आपटला, ते बाई अशी ओरडली का शेजारचा शकूरचाचा पिठाची चक्की बंद करून पळत आला. रक्त निंघालं. त्या दिवशी सासू मले म्हणे, पोरी, आतालोक मले वाटे तूच जास्त बोलते. एवढंच म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात मेली.

आन तिचं वरीस व्हायच्या आतच मालकाच्या तळपायाची आग आग व्हाले लागली. दवाखान्यात नेलं तं शुगर. डॉक्टर म्हणे, गोळ्या घ्या, खाणं बदला, पायी चाला, नाही तं मायच्याच वाटेनं जासान. घरी आला तं त्यानं बसल्या बसल्या चहा मांगतला, गोड.

आता तुम्ही मले सांगा, मी काय कराचं. हा माणूस बरा झाला तं मारन. नाही झाला तं उचला लागन. इकडे आड तिकडे विहीर. मी लय विचार केला. मार तं सोसला होता मी, पण ते पाठीवरचं वझं मले पुन्हा नको होतं, आन तेही ह्या माणसाचं. मले प्रेमाचा उमाळा आला नव्हता, खोटं काऊन सांगू. मले त्याचे दोन्ही पाय त्याच्याच खाली पाह्यजे होते.

शकूरचाचाच्या चक्कीवर गेली, म्हटलं चाचा, गव्हात ज्वारी मिसळून दळून द्या. शकूरचाचाले सोताले मांगं छातीचं दुखणं झालं होतं, तवापासून तो फजरची नमाज झाली का नाल्यालोक फिरून ये आन ज्वारीचीच भाकर खाये. तो म्हणे, भाभी, एकदम मत करो, मूठभर टाका, मंग दोन मुठी, जिभेले कळू नाही द्याचं. तं मी तसंच केलं. चहातली साखरही तशीच, बोटाबोटानं कमी. पोळी थोडी जाड व्हाले लागली, थोडी काळी. दिवाळीलोक काही समजलं नाही त्याले. मंग एक दिवस पोळी मोडता मोडता चिरली, मालकानं वास घेतला आन म्हणे, हे काय चारून राह्यली बे मले. ताट फेकलं. गरम वरण माह्या मानेवर, हे पाहा, इथी अजून डाग हाय. मंग केस धरून चुल्हीलोक ओढत नेली आन म्हणे, पुन्हा भाकर देल्ली तं तुलेच चुल्हीत घालतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मूठभर ज्वारी टाकली. दोन मुठीवरून एका मुठीवर आली, पण टाकली. चीड तं माह्यातही होती ना ताई.

पण ज्वारी विकत आणाची तं लपवून किती आणन. बीटीच्या थैलीत एक छोटी पुडी निंघे, साध्या पऱ्हाटीच्या बियाची, ते वावराच्या चारी बाजूनं लावाची असते. कोनी लावत नव्हतं, लोक फेकून देत. मी म्हटलं, जागा तं सोडून ठेवतातच, मंग काठानं ज्वारी काऊन नाही. माही माय पऱ्हाटीत अशीच ज्वारीची तासं, म्हंजे ओळी, टाके, ते बाईच्या हक्काचं राहे, माणसं त्याच्यात बोलत नसत. तं पेरणीच्या वक्ताले मी मालकाच्या मांगं मांगं काठानं ज्वारी सोडली. उगवली. पऱ्हाटीच्या वर निंघाली तं काय देखणी दिसे. मी रोज पाह्याले जावो, बहाण्या बहाण्यानं, माहंही चालणं त्याच्यानंच सुरू झालं.

पावसानं ताण देल्ला होता. ज्वारी गुडघ्याएवढी आन कोमजलेली. मालकानं पाह्यली. गावातल्या कोन्या तरी माणसानं टोमणा मारला म्हणे, काय बुवा, बायकोनं भाकरीवर आणलं का तुले. झालं. इळा घेतला आन सगळी ज्वारी सपासप कापली, शिव्या देत देत, आन तो हिरवा भारा आणून हरण्याच्या पुढं टाकला. हरण्या आमचा बैल, माह्या हातचा वाढलेला. मी घरी नव्हती, शेजारच्या वावरात निंदाले गेली होती. मी राह्यली असती तं आडवी झाली असती, कारण कोवळी ज्वारी, तेही ताणातली, ढोराले इख असते. माहा बाप कणीस पोटऱ्यात आल्याशिवाय ढोराले ज्वारीजवळ जाऊ देत नव्हता. पहिले लहान लेकरालेही माहीत राहे हे. पण पऱ्हाटीच्या नादात एवढे साल गेले का माणसं भुलले. मालकही शेतकऱ्याचाच पोरगा, पण भुलला.

मी आली तवा हरण्या थरथरून राह्यला होता. पोट टम्म फुगलेलं, तोंडाले फेस, मंग गुडघ्यावर बसला, मंग आडवा झाला, पाय झाडले, आन असा हंबरला ताई, का ते मले सांगताही येत नाही. डोळे उघडेच राह्यले. मी त्याच्या मानेवर पडून रडली. आन मालकानं काय करावं, तं कासरा सोडला आन दुहेरी करून मले माराले लागला. तुह्या ज्वारीनं बैल खाल्ला माहा, म्हणे. पाठीवर, मानेवर, तोंडावर. बैलाच्या अंगावर पडलेल्या बाईले मारून राह्यला होता तो.

बाजूले गाडी उभी होती. गाडीच्या दोन्ही बाजूनं बाभळीच्या दांड्या खोचल्या राहतात, माल सांडू नाही म्हणून, त्याले उभारी म्हणतात. मी एक उपसली. त्यानं कासरा पुन्हा उचलला, आन मी त्या उचललेल्या हातावर उभारी घातली, बापाचं बळ लावून. आवाज आला, कटकन. मी दुसरी हाणाले उचलली होती, डोक्यावर. खरं सांगतो, हाणलीच असती. ओरडणं ऐकून आलेल्या शकूरचाचानं मांगून धरली, म्हणे भाभी, बस, जेल में जाके कौन बैठेगा. म्हणून तो वाचला आन मीही वाचली.

दवाखान्यात मालकानं सांगतलं, बैलानं पाडलं. बायकोनं हात मोडला म्हणाले तोंड पाह्यजे ना, मेलेल्या बैलावर आळ घेतला. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता जेवाचं कसं. डाव्या हातानं जेवण म्हंजे आमच्यात लाजेची गोष्ट, तो काही तयार होईना. पहिल्या दिवशी भाकर समोर ठेवली तं तोंड फिरवून बसला. बस म्हटलं. संध्याकाळी पुन्हा तेच ताट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तोंड उघडलं. मी दुधात कुस्करून एक एक घास चारला, तो माह्याकडं पाहे नाही आन मी त्याच्याकडं. उभारी माह्या मांडीजवळ होती. तिकडं मातर तो पाहे.

फटफटी चालवता येईना, ते उभी राह्यली, कोंबडीनं तिच्याखाली अंडे घातले. घरात बसून माणूस पिसाळला. मंग शकूरचाचा सकाळी दारात उभा राहे, चलो मालक, हाथ टूटा है, टांग तो नहीं. पहिले पहिले मारुतीच्या पारालोक जाये आन धापा टाकत बसे. मंग शाळेलोक. मंग नाल्यालोक. लोक हासत, तो शिव्या दे, पण चाले. प्लास्टर निंघेलोक तो चिंचेलोक जाऊन राह्यला होता, आन तळपायाची आग कमी झाली होती.

प्लास्टर निंघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मले भ्याव वाटलं. पहिल्यांदाच कबूल करतो, भ्याली मी. आता याले हात आला, म्हटलं. मी भाकर थापली, अंबाडीची भाजी केली, ताट ठेवलं, उभारी ताटाच्या बाजूले ठेवली आन समोर बसली. आज फेकन तं फेकू दे, म्हटलं. तो ताटाकडं पाहत राह्यला. मंग त्यानं आपल्या हातानं भाकर मोडली, आन म्हणे, ठेचा हाय का. मी ठेचा वाढला.

तवापासून भाकरच हाय आमच्या घरी. गोळ्या चालू हायत, शुगर डॉक्टरच्या म्हणण्यापरमानं बरी हाय, पोट गेलं, दोन्ही पाय त्याचे त्याच्याखाली हायत. रोज वावरात पायी जाते, मीही जातो, चार पावलं अंतर ठेवून. पोळी सणालेच. मांगच्या दोन सालापासून काठाची ज्वारी तोच पेरते, आन पोटऱ्यात येईलोक दुसऱ्यायच्या ढोरायलेही हाकलते.

गावातल्या बाया विचारतात, सुधरला वं तुहा मालक. आता काय सांगू. त्याचा तो हात खांद्याच्या वर जातच नाही. भाकर मोडते, इळा धरते, कापूस येचते, वर जात नाही. म्हणून माणूस सुधरला का नुसता हात, हे मी काही उकलून पाहत नाही. मारलं नाही तवापासून, एवढं खरं. शिव्या देते कधीमधी, ते मीही देतो. हरण्याची मले आजही सय येते, त्याचं मरण मी मालकाले माफ केलं नाही, आन करणारही नाही.

बसा ताई, तुम्ही एवढं ऐकून घेतलं, आता उपाशी नाही जाऊ देत मी, गरम भाकर टाकतो. देव तुमच्या हातात बळ देवो, आन ते वापराची पाळी तुमच्यावर कधी न आणो. जरा सरकून बसा इकडं. ते उभारी तेवढी ताटाजवळून उचलून भिताडाले लावा, पायात येईन तुमच्या. नाही नाही, बाहीर नका ठेवू, अथीच लावा, माह्या हाताजवळ.