हरभऱ्यातला रेडिओ

करिष्मा विद्यापीठाच्या रेडिओवर निवेदिका होती. शास्त्रीय संगीत अन् जॅझ हे तिचे कार्यक्रम. चिखलीच्या एसटीत तिच्या मागच्या सीटवर दोन शेतकरी बोलत होते.

"भागवतभाऊ, तुमच्या हरभऱ्यात वानरं काऊन येत नाहीत?"

"धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाले रेडिओ टांगला न. विद्यापीठाचा."

"म्याबी लावला होता, सिनेमाचे गाणे. वानरं बसून ऐकत राजेहो!"

"ते नाही चालत. इथं सकाळी बुवा आलाप घेते, दुपारी जॅझ का काय म्हणतात, त्या पिपाण्या. एक वानर थांबत नाही."

"मंग फिकीरच मिटली!"

"कायची मिटते? मधात ती बाई बोलते न, तवा सारे वापस येतात."

"काऊन बरं?"

"तिचं बोलणं आवडते त्यायले."

"ताई, कुठं जायचं?" कंडक्टरनं विचारलं.

करिष्मानं मुकाट्यानं पास पुढं केला.